किती खोल, ते ठाऊक नसताना

पाण्याखालच्या गुहेवरून तावातावाने भांडणारी दोन जाणकार माणसं माळेगाव बुद्रुकमध्ये एकाच घरात सापडतील, असं कुणाला वाटणार नाही. गावाला पाणी कळतं ते नीरा डाव्या कालव्याच्या पाळीतून, विहिरीतून आणि बोअरमधून. पण मामा नौदलात पाणबुडे होते. कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये शिकले, निवृत्त होऊन गावी आले, आता ऊस करतात आणि इतरांसारखीच तोडीची वाट बघतात. त्यांची भाची तारकर्लीला स्कूबा शिकली. पुढं मेक्सिकोत, युकातानच्या पाण्यानं भरलेल्या चुनखडीच्या गुहांत तिनं रीतसर प्रशिक्षण घेतलं. येत्या हिवाळ्यात मेघालयात, जैंतिया टेकड्यांतल्या एका गुहेत जाणाऱ्या चमूत ती आहे. त्या गुहेचा बोगदा एका ठिकाणी पाण्याखाली जातो. पलीकडं काय आहे, बोगदा किती खोल उतरतो, हे कुणाला माहीत नाही. भांडण त्यावरूनच आहे, आणि ते मी ओसरीवर बसून दोन संध्याकाळी ऐकलं.

आधी थोडी ओळख करून देतो. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळत जातो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. वर येताना तो सावकाश बाहेर पडायला हवा. घाई केली तर अंगातच त्याचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, मज्जारज्जूला इजा झाली तर माणूस पायांतून जातो. या दुखण्याला बेंड्स म्हणतात. म्हणून ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबत थांबत वर यायचं. याला डिकम्प्रेशन म्हणतात. आमच्या भागात सांगायचं तर ही ऊसतोडीची उचल आहे. खाली असताना घेत जायची, मग फेडत बसायचं, आणि फिटल्याशिवाय घरी जाता येत नाही. उचल किती झाली हे काढायला दोन आकडे लागतात, खोली आणि वेळ. नव्या गुहेत पहिला आकडाच हातात नसतो.

मामा : खोलीच ठाऊक नाही, मग थांबे कशावरून काढणार?

भाची : मनगटावरच्या कॉम्प्युटरवरून. दर काही सेकंदांनी तो दाब मोजतो. शरीरात सोळा प्रकारच्या ऊती आहेत असं धरून प्रत्येकीत किती नायट्रोजन भरला ते काढतो. झुरिकच्या ब्यूलमान यांचं गणित आहे ते. सगळ्यात चपळ ऊती चार-पाच मिनिटांत अर्धी भरते, सगळ्यात मंद ऊती ६३५ मिनिटांत.

मामा : म्हणजे उचल किती झाली ते घेऊन झाल्यावर कळणार.

भाची : घेता घेता कळतं, मामा. पडद्यावर आकडा असतो, आत्ता निघालात तर वर पोचायला किती मिनिटं लागतील याचा.

मामा : आकडा बघून तू निघालीस, पण वाट वर जायच्या ऐवजी खाली गेली तर? समुद्रात डोक्यावर पाणी असतं, गुहेत दगड असतो. आम्हाला शिकवलंय ते असं की उतरायच्या आधी तक्ता पाटीवर लिहायचा आणि पाटीवर नसलेल्या खोलीवर जायचं नाही.

तक्त्यावरची मामांची श्रद्धा नुसत्या लष्करी शिस्तीतून आलेली नाही, तिला शंभर वर्षांचा आधार आहे. १९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बॉयकॉट आणि डॅमंट या दोघांबरोबर पहिला शास्त्रशुद्ध तक्ता छापला. त्याआधी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पोलादी टाकीत शेळ्या कोंडून, दाब वाढवून, कमी करून कोणती शेळी लंगडते ते पाहिलं होतं. नंतर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर स्वतः डॅमंट आणि कॅटो हे पाणबुडे २१० फुटांपर्यंत उतरले. दाब एकदम निम्मा केला तर शेळ्यांना सहसा काही होत नाही, हे त्यातून निघालं आणि थांब्यांची सगळी शिडी त्यावर उभी राहिली. त्या मोहिमेत हॉल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगाही पाण्यात उतरला होता. तोच पुढं जे. बी. एस. हॉल्डेन झाला, दाबाच्या टाकीत स्वतःवर प्रयोग करून मणके दुखावून घेतले, १९५७ मध्ये भारतात आला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. मामांना हे सगळं पाठ आहे. शेळ्यांचा भाग ते विशेष रंगवून सांगतात.

भाचीला शेळ्यांबद्दल आदर आहे, तक्त्याबद्दल कमी.

भाची : तक्ता काय धरून चालतो? सरळ खाली गेलात, तळाशी बसलात, सरळ वर आलात. जहाजाखाली काम करणाऱ्या माणसाचं ते चित्र आहे. गुहा तशी जातच नाही. समजा तुम्ही म्हणालात, तीस मीटर धर. तीस मीटरला विनाथांबा वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. म्हणजे आत दहा-बारा आणि बाहेर दहा-बारा. आणि बोगदा निघाला दहा मीटरवर सपाट! तिथं तीन तास राहिलं तरी थांबा लागत नाही. मी दहा मिनिटांत परतायचं, का, तर पाटीवर तीस लिहिलंय म्हणून?

मामा : हो.

भाची : मग शोध कसला?

मामा : पहिली उडी शोधायला नसते, मोजायला असते. दुसऱ्या उडीला तुझ्याकडं खोली असेल. तेव्हा तास काढ, दोन तास काढ.

इथं दोघांचं जमलं, आणि तेही पटकन. गुहेत जाताना रिळावरून दोरी सोडत जायची असते. तिला ठरावीक अंतरावर गाठी असतात, बहुधा तीन-तीन मीटरवर, आणि जिथं दोरी दगडाला बांधायची तिथं थांबून खोली पाटीवर लिहायची. परत आल्यावर कागदावर बोगद्याचा उभा छेद तयार होतो आणि पुढच्या उडीचा तक्ता त्या छेदावरून मांडता येतो. मामांच्या मते हे शहाणपण विहीर खोदणाऱ्यांना कधीपासून आहे. दोरीला दगड बांधून सोडायचा, भिजलेली दोरी हातानं मोजायची, इतके परस पाणी म्हणून सांगायचं. फक्त विहीर सरळ खाली जाते, त्यामुळे एकदा मोजली की झालं. गुहेतली दोरी संपते तिथं मोजमापही संपतं, आणि पुढच्या काळोखाला पुन्हा आकडा नसतो. तिथून खरा मतभेद सुरू होतो.

भाचीनं वहीच्या पानावर एक रेघ काढली. तोंडापासून खाली पंचवीस मीटर, मग चढत चार मीटरवर, मग पुन्हा खाली वीस. तिच्या मते वाईट गुहा ही अशी असते. नुसती खोल गुहा परवडते.

भाची : आत जाताना हा उंचवटा त्रास देत नाही, तेव्हा अंगात फार काही भरलेलं नसतं. परत येताना मी वीस मीटरवर वेळ काढून आलेली असते. कॉम्प्युटर सांगतो, नऊ मीटरच्या वर जाऊ नकोस, इतकी मिनिटं थांब. वाट मात्र चार मीटरवरून जाते. म्हणजे उंचवट्याच्या अलीकडं, काळोखात, थंडीत थांबून आधी तिथं फेडायचं. मग उंचवटा ओलांडायचा. मग पुन्हा पंचवीसला उतरायचं, तिथं नवीन घ्यायचं, आणि तोंडाशी ते पुन्हा फेडायचं. हे तुमच्या तक्त्यात कुठं बसतं? कॉम्प्युटर निदान मोजतो तरी.

मामा : मोजतो, पण काय मोजतो? विरघळलेला वायू. बुडबुडा मोजतो का?

भाची : नाही.

हे 'नाही' तिनं अगदी सरळ म्हटलं, म्हणून मी इथं जरा रेंगाळतो. ब्यूलमान यांच्या गणितात वायू विरघळलेलाच राहतो असं धरलेलं आहे. प्रत्यक्षात उंचवट्यावर चार मीटरला आल्यावर शिरांमध्ये थोडे बुडबुडे होतातच. एरवी फुप्फुसं त्यांना गाळून अडवतात आणि माणसाला पत्ताही लागत नाही. पण लगेच पुन्हा खाली उतरलं तर दाबानं ते आक्रसतात, फुप्फुसांच्या जाळीतून निसटून धमन्यांच्या बाजूला जाऊ शकतात, आणि तिथून मेंदू किंवा आतला कान लांब नाही. शिवाय चारांतल्या एका माणसाच्या हृदयाच्या पडद्यात जन्मापासूनची बारीक फट उघडी राहिलेली असते. बुडबुड्यांना ही आडवाट आयतीच मिळते. करवतीच्या दात्यांसारखं खाली-वर जाणं पाणबुडे टाळतात ते यासाठी. गुहेत ते टाळणं माणसाच्या हातात नसतं, वाट दगडानं ठरवलेली असते.

मामांनी लगेच अमेरिकी नौदलाचा दाखला काढला. काही वर्षं जगभर अशी लाट होती की बुडबुडे होऊच नयेत म्हणून पहिले थांबे खोल घ्यायचे. कितीतरी कॉम्प्युटर तसं सांगू लागले. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक पाणबुडी विभागानं एकच उडी, १७० फुटांवर ३० मिनिटं, दोन तऱ्हांनी करून पाहिली. वर येण्याचा एकूण वेळ सारखा, फक्त थांब्यांची वाटणी निराळी. २०११ मध्ये निकाल छापला. खोल थांब्यांच्या १९८ उड्यांत बेंड्सचे दहा प्रसंग, उथळ थांब्यांच्या १९२ उड्यांत तीन. "मनगटावरचा तुझा मास्तर दहा वर्षं चुकीचं शिकवत होता," मामा म्हणाले. भाचीचं उत्तर असं की चूक सापडली ती मोजल्यामुळेच, आणि आता ती कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये पहिला थांबा फार खोल येणार नाही हे स्वतः बघते. माझ्या मते यात दोघांचेही गुण सारखे आहेत, म्हणून पुढं जातो.

दुसऱ्या संध्याकाळी बोलणं सिलिंडरवर आलं. मला वाटतं अज्ञात खोलीचा खरा प्रश्न इथं आहे आणि नवशिके तिथपर्यंत सहसा येतच नाहीत. सगळ्यांचं लक्ष थांब्यांवर असतं. पण कोणता वायू घेऊन जायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि ते खोली माहीत नसताना ठरवावं लागतं. नायट्रोजन कमी भरावा म्हणून ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण घेतलं तर ते साधारण ३४ मीटरपर्यंतच बिनधोक. त्याखाली ऑक्सिजनच विषारी होऊ लागतो, आणि पाण्याखाली झटका आला तर तोंडातला रेग्युलेटर सुटतो. साधी हवा घेतली तर ती मर्यादा पुढं जाते, पण तीस मीटरनंतर डोकं जड होतं, निर्णय बिघडतात. हेलियम मिसळलं की डोकं ताजं राहतं, खर्च आणि थांबे वाढतात.

मामा : म्हणजे तळ गुहेला नसला तरी तुझ्या सिलिंडरला असतो. ३२ टक्के भरलंस तर तुझी गुहा ३४ मीटरला संपली. पुढं वाट दिसो, पाणी स्वच्छ असो, काही असो.

भाची : हे मान्य. मी तर तीसलाच संपवते. आणि दुसरा तळ म्हणजे गॅसचा हिशेब. एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला, एक तृतीयांश जोडीदाराच्या अडचणीला. माझ्या अंगावर बारा-बारा लिटरचे दोन सिलिंडर, २०० बारचे. म्हणजे ४८०० लिटर. आत जायला १६००. पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर लागतात असं धरलं, तर दहा मीटरवर चाळीस मिनिटं पुरतील, तीस मीटरवर वीस.

मामा : त्यात थांबे कुठं आले?

भाची : नाही आले. तिसऱ्या हिश्शाचा नियम तोंडापर्यंत आणून सोडतो, उचल फेडत नाही. फेडायचा गॅस वेगळा. शुद्ध ऑक्सिजनचा सिलिंडर सहा मीटरवर टांगून ठेवायचा, लागला तर ५० टक्क्यांचा एकवीस मीटरवर.

मामा : टांगायचा कुठं? तोंडापाशी सहा मीटर तुला माहीत आहेत. उंचवट्याच्या पलीकडं थांबायची वेळ आली तर तो सिलिंडर तोंडाशी आणि तू तिकडं.

यावर भाचीनं जे सांगितलं त्यात तिची सगळी पद्धत आली. पहिल्या उडीत वळायच्या खुणा तीन : खोली तीस मीटर, गॅसचा तिसरा हिस्सा, आणि पडद्यावरचा 'वर पोचायला लागणारा वेळ' ठरवलेल्या आकड्याला टेकणं. यातली जी आधी येईल तिथं वळायचं. चौथी खूण आकड्याची नाही. खोलवर वेळ काढल्यावर वाट पुन्हा वर चढू लागली, तर कितीही मोह झाला तरी उंचवटा ओलांडायचा नाही. तिथं दोरी बांधायची, खोली लिहायची, परत फिरायचं. पलीकडचं पलीकडं. मामांनी मान डोलावली, पण तिसरी खूण त्यांना खटकलीच. पहिल्या उडीत थांबा लागेल इतकं आत जायचंच कशाला? प्रत्यक्ष खोली बारा मीटर निघाली तरी सगळा वेळ तीसलाच होतो असं धरायचं आणि विनाथांबा मर्यादेत परत यायचं. भाची हे मानायला तयार नव्हती.

उंचीवरून झालेली चकमक मला सगळ्यात आवडली, कारण ती आमच्या गावाची होती. बहुतेक तक्ते समुद्रसपाटीचे. बारामतीचा परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, इथं हवेचा दाब समुद्राकाठच्या सुमारे ९४ टक्के. वर आल्यावरचा दाब कमी, म्हणून वीस मीटरची उडी तक्त्यात एकवीसची धरावी लागते. मामा ही दुरुस्ती सोडत नाहीत. भाची म्हणते, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, ते दोन-तीन टक्के सूट देतं. उंचीचा दंड सहा टक्के, पाण्याची सूट अडीच, उरलं काय? जैंतियात मात्र उंची जास्त, तिथं दुरुस्ती केल्याशिवाय तीही उतरणार नाही. यावर मामांनी विचारलं, समजा इथल्याच एखाद्या खाणीत कुणाला बेंड्स झाले तर कुठं नेशील? मुंबईला, कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात, तिथं दाबाची टाकी आहे. कोणत्या रस्त्यानं? जेजुरी-सासवड-दिवे घाट, ती म्हणाली, जवळ पडतं. मामा खूश झाले. सासवडचं पठार आपल्यापेक्षा दोनेकशे मीटर उंच. अंगात बुडबुडे असलेल्या माणसाला आणखी वर चढवायचं नाही, पाटसवरून सोलापूर रस्त्यानं न्यायचं, खंडाळ्याची उंची काही चुकत नाही पण निदान एकच चढ. आणि सगळा वेळ नाकाला ऑक्सिजन. भाचीनं हे वहीत लिहून घेतलं.

माळेगावच्या माणसाला हे सगळं ऐकवलं तर तो आधी विचारील, मोटर लावून पाणी का उपसत नाही? प्रश्न बाळबोध नाही. २०१८ च्या जून-जुलैत थायलंडच्या थाम लुआंग गुहेत मुलं अडकली तेव्हा किर्लोस्करांचे तज्ज्ञ तिकडं गेले होते आणि किर्लोस्करवाडीत पंप विमानानं पाठवायला सज्ज ठेवले होते. तिथं उपसा मोलाचा ठरला, पातळी उतरली म्हणून पाणबुड्यांचा पल्ला कमी झाला. खोली जेमतेम काही मीटर, त्यामुळे डिकम्प्रेशनचा प्रश्न तिथं आलाच नाही. लढाई होती ती वेळ, गढूळ पाणी आणि गॅस यांच्याशी. ६ जुलैला समन कुनान हा थाई नौदलाचा माजी जवान आत सिलिंडर ठेवून परतताना वारला. त्याच वर्षी १३ डिसेंबरला मेघालयात क्सान इथं कोळशाच्या बेकायदा खाणीत पाणी शिरलं, पंधरा मजूर आत. उभा खड्डा सुमारे ३७० फूट, तळाशी उंदराच्या बिळासारखे आडवे बोगदे, नकाशा कुणाकडंच नाही. पंप इथंही आले, किर्लोस्करांचेही आले. पण जवळच्या नदीचं पाणी येतच राहिलं, पातळी हवी तशी उतरेना. विशाखापट्टणमहून आलेल्या नौदलाच्या पाणबुड्यांनी शेवटी पाण्याखालचं यंत्र आत सोडलं, आणि १७ जानेवारी २०१९ ला बिळात सुमारे २१० फूट आत त्याला एक मृतदेह दिसला.

मामा : बघ, तिथं आमच्या लोकांनी काय केलं? माणूस थांबवला आणि यंत्र पाठवलं. मेक्सिकोत झाकातोनला काय झालं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तिला माहीत होतंच. शेक एक्स्ली हे गुहेतल्या पाणबुड्यांचे गुरू. अपघातांची चिरफाड करून त्यांनी १९७९ मध्ये नियमांची पुस्तिका लिहिली. तोंडापर्यंत अखंड दोरी, गॅसचे तीन हिस्से, खोलीची मर्यादा हे नियम आजही त्यातूनच शिकवतात. ६ एप्रिल १९९४ ला झाकातोनच्या विवरात तळ गाठायला ते उतरले आणि परतले नाहीत. त्याच दिवशी त्यांच्यासोबत उतरलेले जिम बोडेन ९२५ फुटांवरून जिवंत आले. तळ किती खाली आहे हे तेव्हा नक्की कुणाला ठाऊक नव्हतं. २००७ मध्ये एका यंत्रमानवानं तो मोजला, तीनशे मीटरहून जास्त.

भाची : एक्स्लींनी मोजायचं थांबवलं नव्हतं, मामा. त्यांनी तळाला जायचं ठरवलं होतं. मी तळाला जायचं ठरवलेलं नाही. आणि खोली माहीत असली की माणूस वाचतो असं थोडंच आहे? दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होलची खोली डेव्ह शॉला स्वतःला माहीत होती. २७० मीटर. आधी तो तळ शिवून आला होता. तिथं दहा वर्षांपूर्वी बुडालेल्या एका पोराचा मृतदेह दिसला, म्हणून तो २००५ च्या जानेवारीत काढायला परत गेला. तक्ता पक्का, मदतीला माणसं, सगळं होतं. दोरीत गुरफटला आणि गेला. त्याच्या मदतीला उतरलेल्या डॉन शर्लीला आतल्या कानाचे बेंड्स झाले, बारा तासांहून जास्त वेळ पाण्यात थांबे घेत तो कसाबसा वर आला.

मामा : शॉ खोलीनं नाही गेला. काठावरच्या माणसांपायी गेला.

भाची : काठावर कुणी त्याला जा म्हटलं नव्हतं.

मामा : म्हणावं लागत नाही. पोराचे आईबाप होते ना? बास.

हे बोलताना मामांच्या डोळ्यांपुढं दक्षिण आफ्रिका नसावी. गेल्या काही वर्षांत आमच्या बारामती-इंदापूर तालुक्यांत काठावर उभं राहायचे प्रसंग बरेच आले. मार्च २०२३ मध्ये खांडजला गोबरगॅसच्या टाकीत एकामागोमाग उतरलेले चौघे गेले. पाठोपाठ ऑगस्टमध्ये इंदापूर तालुक्यात म्हसोबाचीवाडीला शंभर फुटांहून खोल विहिरीचं बांधकाम ढासळलं, चार मजूर ढिगाऱ्याखाली, आणि काठावर तीन दिवस गर्दी. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कळाशीजवळ नाव उलटून सहा जण बुडाले. आणि दोनच दिवसांनी, आमच्या भागाबाहेर, अकोले तालुक्यात सुगावला, प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेल्या राज्य आपत्ती दलाची बोटच उलटली, तीन जवान गेले. पाणबुड्या आला की गर्दीत कुणीतरी विचारतंच, "उतरतोयस ना?" त्या प्रश्नापुढं पाटीवरचा तक्ता आणि मनगटावरचा कॉम्प्युटर दोन्ही फिके पडतात. मामा अजूनही बोलावलं तर विहिरीवर जातात. आधी दोरी सोडून खोली बघतात, कंदील सोडून हवा बघतात, आणि बऱ्याचदा नाही म्हणून परत येतात. गावात त्यांच्याबद्दल चांगलं बोललं जातं असं नाही.

भाची : आमच्यात एक नियम आहे. कुणीही, कधीही, कारण न सांगता उडी रद्द करू शकतो. अंगठा वर केला की सगळे वळतात. बाहेर आल्यावर 'का' असं विचारायचं नाही.

मामा : नौदलात ऑर्डर असते. वरचा थांब म्हणाला की थांबायचं, जा म्हणाला की जायचं.

भाची : गुहेत वरचा कोण?

मामांना उत्तर सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तर त्यांनी ते दिलं नाही. त्यांनी वही ओढून घेतली आणि पहिल्या उडीचा हिशेब स्वतः मांडायला लागले. मिश्रण ३२ टक्के. खोली तीस मीटर धरून. आत पंधरा मिनिटं, बाहेर पंधरा. भाचीला आत वीस हवी होती. मामांनी खोडलं. ती म्हणाली, पंधरालाही तुमच्या तक्त्याप्रमाणे मर्यादा थोडी ओलांडते, मग तुम्ही मान्य कसं करता? ते म्हणाले, म्हणूनच तोंडाशी सहा मीटरवर ऑक्सिजनवर पंधरा मिनिटं थांबायचं, कॉम्प्युटर लागत नाही म्हणाला तरीही. गॅस दोघांनी वेगवेगळा काढला आणि उत्तर एकच आलं, आत जायला १२०० लिटर, म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्या आत. मग तिनं त्यांना हळूच विचारलं, तोंडाशी घड्याळ धरायला तुम्ही येणार ना?

मामा : तीस आणि पंधरा, पंचेचाळीस. दहा वरची. पंचावन्न. छप्पन्नाव्या मिनिटाला मी काय करायचं?

भाची : काही नाही. दुसरी जोडी कपडे चढवून बसलेली असेल, ती जाईल. तुम्ही पाण्यात पाय घालायचा नाही.

मामा : आणि ती जोडी नाही म्हणाली तर?

भाची : तर नाही. त्यांच्याशी वाद घालायचा नाही, त्यांना तोंडही पाडून दाखवायचं नाही.

मामा : हे लिहून दे, सहीनिशी. तुझी आई मला विचारेल तेव्हा कागद लागेल.

भाची : आईला मी सांगेन.

मामा : ते आधी सांग. मग मी तिकिटाचं बघतो.